देव निर्दोषच हवा काय?



वसंत व्याख्यानमालेत देवाधर्मावर कोणी बोलायला उभा राहिला की श्रोत्यांत दोन तट पडतात. काहींना वाटते, आता हरिकीर्तन ऐकायला मिळणार. काहींना वाटते, आता देवांची हजेरी घेतली जाणार. आम्ही दोघांचीही थोडथोडी निराशा करणार आहोत. देव आहे की नाही, हा आमचा आजचा विषय नव्हे. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ज्याच्यापुढे आपण हात जोडतो तो देव निर्दोष असलाच पाहिजे काय? त्याच्या चरित्रात डाग सापडला, किंवा ऐन वेळी त्याची शक्ती अपुरी पडली, तर तो पूजेला अपात्र ठरतो काय?

प्रश्न पुस्तकी वाटेल. पण आपल्या देव्हाऱ्यापासूनच पाहा. मूर्ती हातातून पडली, तिचा टवका उडाला, तर घरातली वडील मंडळी ती पूजेत ठेवीत नाहीत; वाहत्या पाण्यात सोडतात. भंगलेली मूर्ती पूजू नये असा दंडक आहे. परंतु त्याच मूर्तीत ज्याचे आवाहन करायचे त्याची कथा उघडून पाहावी, तर तिथे टवकेच टवके! गणपतीचा एक दात मोडलेला. कोणी म्हणतात तो परशुरामाने तोडला, कोणी आणखी काही सांगतात. आपण मात्र ‘एकदंत’ हे नाव मोठ्या कौतुकाने घेतो. खंडोबाने घरी म्हाळसा असताना बाणाईसाठी धनगरवाड्यावर चाकरी धरली आणि मेंढरे राखली. पुढे दोघी सवतींची जी भांडणे जुंपली, ती वाघ्या-मुरळी अजून रात्रभर गातात आणि लोक हसून हसून ऐकतात. पंढरपुरात रखुमाई विठोबाच्या शेजारी उभी नाही. ती रुसून दिंडीरवनात गेली म्हणतात, आणि आजही तिचा गाभारा निराळा आहे. मूर्तीला गेलेला तडा आम्हांला खपत नाही; मूर्तीमागच्या देवाच्या संसाराला गेलेले तडे मात्र आम्ही जागरणात आळवतो. हे कसे?

आपल्या भाषेत ‘देव पाण्यात घालणे’ असा एक प्रयोग आहे. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रे तो थट्टेने वापरतात. पण मुळात ती खरीच चाल होती. घरात आजारपण आले, माणूस परगावी अडकला, की बायाबापड्या देव पाण्यात बुडवून ठेवीत आणि सांगत, “माझे काम होईपर्यंत राहा असाच.” आता यात देवावर श्रद्धा आहे की अश्रद्धा? सर्वशक्तिमान, सर्वज्ञ, परमदयाळू अशा देवाला तांब्यात कोंडण्याची कोणाची छाती होईल? आणि ज्याच्यात काही शक्तीच नाही त्याला कोंडून तरी काय मिळणार? देव पाण्यात घालणाऱ्या बाईचा देव या दोहोंच्या मधला आहे. तो समर्थ आहे, पण विसराळू आहे. मायाळू आहे, पण आळशी आहे. जरा घरातल्या कर्त्या पुरुषासारखाच म्हणा ना!

आपल्या जिल्ह्यातल्या पालीच्या बल्लाळेश्वराची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. बल्लाळ नावाचा मुलगा रानात एका धोंड्याची गणपती म्हणून पूजा करी आणि गावातली पोरे त्याच्या नादी लागली. बाप कल्याणशेठ संतापला. त्याने पूजा उधळली, धोंडा फेकून दिला, पोराला बेदम मारून झाडाला बांधले आणि “आता तुझा देवच तुला सोडवील” म्हणून निघून गेला. पुढे देव आला, हे खरे. पण मार खाऊन झाल्यावर आला. आणि गंमत पुढेच आहे. बापाने भिरकावलेला तो धोंडा म्हणजेच धुंडीविनायक, असे सांगतात. पालीला गेलेला भाविक आधी धुंडीविनायकाचे दर्शन घेतो, मग बल्लाळेश्वराचे. ज्याला स्वतःचा अपमान टाळता आला नाही, त्याला पहिला मान! एखाद्या तर्कशास्त्र्याने ही प्रथा घातली असती तर क्रम उलटा लावला असता.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर आपल्या पनवेलच्या वेशीवरच आहे. विमानतळासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. गावे उठली तशी गावातली देवळेही उठली. गावदेवी ही सीमा राखणारी, वेशीवरून रोगराई परतवणारी. तिला ना सीमा राखता आली, ना स्वतःचे ठाणे. निर्दोष आणि सर्वसमर्थ देवच पूजावा हा नियम असता, तर नव्या वसाहतीत जाताना लोकांनी तिला मागे टाकायला हवे होते. पण आगरी-कोळी माणूस नव्या जागी घर बांधतो तेव्हा देवीसाठीही जागा धरतो. जी आपल्याबरोबर उठवली गेली तिला तो आपल्याचसारखी विस्थापित समजतो, आणि विस्थापिताला कोणी टाकून देत नाही.

आता देव निर्दोषच असला पाहिजे, हा आग्रह आला कोठून? तो फार जुना आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झेनोफेनिस नावाच्या ग्रीक कवी-तत्त्वज्ञाने तक्रार केली की, चोरी, व्यभिचार, फसवणूक, जे जे माणसांत लाजिरवाणे ते ते सर्व होमरने आणि हेसिअडने देवांच्या माथी मारले आहे. पुढे प्लेटोने आपल्या आदर्श नगरराज्यात असल्या कथांना बंदीच घातली. देव चांगला आहे आणि चांगल्याचेच कारण आहे, एवढेच मुलांच्या कानी पडावे, असे त्याने ठरवले. हा विचार ख्रिस्ती धर्मशास्त्रात मुरला आणि आगबोटीतून मुंबईला उतरला. १८३० च्या सुमारास जॉन विल्सन या मिशनऱ्याने मुंबईत जाहीर वाद घातले. समोर मोरभट दांडेकरांसारखे शास्त्री होते. मिशनऱ्यांचा सर्वांत धारदार प्रश्न हाच, की तुमच्या देवांचे हे असले वर्तन, आणि तुम्ही त्यांना देव म्हणता? पुढे १८५७ साली विष्णुबोवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर या मंडळींशी जाहीर वाद करीत. ते आपल्याच जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचे. वेदान्ताचे ठीक, पण त्या प्रश्नाचा काटा आपल्या शिकलेल्या मंडळींच्या मनात रुतून बसला तो बसलाच.

तो काढण्याचे नाना उपाय झाले. पहिला उपाय वकिलीचा. बंकिमचंद्रांनी बंगालीत कृष्णचरित्र लिहिले आणि जे जे गैरसोयीचे ते मागाहून घुसडलेले, असे दाखवून एक निष्कलंक कृष्ण उभा केला. मराठीतही त्या वाटेने जाणारे झाले. आम्हांला त्यांच्या विद्वत्तेविषयी आदर आहे. पण असा धुऊन काढलेला कृष्ण कोणत्याही गवळणीत सापडत नाही. ज्याच्यावर दह्याचा एक डाग नाही, त्याच्यासाठी गोकुळाष्टमीला कोण हंडी बांधील?

दुसरा उपाय भागवताचा, आणि तो अधिक गंभीर आहे. दशमस्कंधात राजा परीक्षिती शुकाचार्यांना नेमका हाच प्रश्न विचारतो, की धर्माची स्थापना करण्यासाठी जो अवतरला, त्याने परस्त्रियांशी अशी क्रीडा का करावी? मिशनऱ्यांनी नवे काही विचारले नव्हते, हे यावरून ध्यानात येईल. शुकाचार्यांचे उत्तर असे की, समर्थाला दोष लागत नाही, जसा सर्व काही जाळणाऱ्या अग्नीला लागत नाही. परंतु इतरांनी त्याचे अनुकरण मनानेसुद्धा करू नये. शंकराने विष पचवले. दुसरा पिईल तर मरेल. अशांचे सांगणे तेवढे धरावे, करणे धरू नये.

उत्तर चतुर आहे. पण चतुर उत्तरांची किंमत निराळ्याच माणसांना मोजावी लागते. मुंबईत १८६२ साली ‘महाराज लायबल केस’ नावाचा खटला गाजला. करसनदास मुळजी या पत्रकाराने वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर लिहिले, म्हणून जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. साक्षी झाल्या, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही साक्ष दिली. त्यांतून बाहेर आले ते असे की, हे महाराज स्वतःला कृष्णस्वरूप म्हणवीत आणि भक्तांच्या लेकीसुनांवर त्या नात्याने हक्क सांगत. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी महाराजांचे म्हणणे फेटाळले. नीतीच्या दृष्टीने जे वाईट ते धर्माच्या नावाने चांगले ठरू शकत नाही, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. ‘समर्थाला दोष नाही’ या वाक्यातला समर्थ कोण हे ठरवायचे कोणी? वाक्य देवासाठी रचलेले असते आणि वापरतो बुवा.

खंडोबाच्याही बाबतीत तेच झाले. म्हाळसा-बाणाईच्या सवतीमत्सराला आपण हसतो, हसावे. पण त्याच देवाला मुरळी म्हणून कोवळ्या मुली वाहिल्या जात, आणि त्यांच्या वाट्याला जे आयुष्य येई त्यात हसण्यासारखे काही नव्हते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. देवाचा दोष कथेत असतो तोवर त्याने कोणाचे काही बिघडत नाही. तो दोष चालवण्यासाठी जिवंत पोर मागितली जाते, तेव्हा प्रश्न देवाचा राहत नाही.

तिसरा उपाय प्रार्थनासमाजाचा. १८६७ साली मुंबईत हा समाज स्थापन झाला. पुढे रानडे, भांडारकर यांच्यासारखे मोहरे त्यात आले. त्यांनी दोष असलेले देवच बाजूला ठेवले आणि एका निराकार, न्यायी, दयाळू परमेश्वराची उपासना धरली. या सत्पुरुषांनी समाजाचे किती भले केले, हे आम्ही सांगायला नको. मात्र प्रार्थनेसाठी त्यांनी तुकोबांचे अभंग घेतले, आणि तुकोबा ज्याच्याशी भांडले तो कर कटीवर ठेवून उभा असलेला विठोबा वगळला. निर्दोष देवाशी भांडण करता येत नाही. आणि भांडण वजा केल्यावर तुकोबांच्या गाथेचे वजन केवढे उरते, ते ज्याचे त्याने पाहावे. ज्या माणसाने आपल्यापुरता देव मेला असे एकदा वैतागून म्हटले, त्याला रविवारच्या प्रार्थनेत बसवणे सोपे नाही.

चौथे उत्तर सर्वांत कठोर, आणि ते ज्यांनी दिले त्यांना तो अधिकार होता. जोतीराव फुले यांनी अवतारांच्या कथा तपासून नाकारल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त सर्वांचा एक निर्मीक उरतो, आणि त्याला फुलांची वा नैवेद्याची गरज नसते. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत राम व कृष्ण यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही, अशी एक आहे. त्यामागचा हिशेब त्यांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथात आहे. वालीचा वध, सीतेचा त्याग, शंबूकाची हत्या, ही सारी कलमे त्यांनी रामासमोर मांडली. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने तो ग्रंथ छापला, तेव्हा राम-कृष्णावरील प्रकरण गाळावे म्हणून एका बाजूने आणि गाळू नये म्हणून दुसऱ्या बाजूने मुंबईत प्रचंड मोर्चे निघाले. अखेरीस ते प्रकरण राहिले आणि शासन त्या मतांशी सहमत नाही, अशी टीप जोडली गेली. सरकारने देवाच्या चारित्र्यावर टीप लिहावी, हा प्रकार आमच्या मते तरी मौजेचा आहे. पण तो वाद मौजेचा नव्हता. शंबूकाच्या गोष्टीत आपल्याला कोणाच्या जागी बसवले आहे, हे ज्याला रोज जाणवते, त्याला ‘अहो, ती कथा प्रक्षिप्त आहे’ एवढ्याने समाधान कसे वाटावे?

रामाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. हे सर्व विद्वान एकमेकांशी भांडत असता, घरोघरी पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी या खटल्याचा निकाल केव्हाच लावून टाकला होता. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा मोठा भरणा आहे. या बाया रामाला सरळ सरळ सीतेहून हलका ठरवतात. गरोदर बायकोला रानात धाडणाऱ्या नवऱ्याविषयी जे बोलायचे, ते त्या बोलतात; आणि त्याच बाया रामनवमीला पाळण्याची दोरी ओढतात. यवतमाळ जिल्ह्यात रावेरी येथे सीतेचे देऊळ आहे. त्यात सीता एकटी आहे, राम नाही. बाळंतीण सीतेला गावाने पसाभर गहू दिले नाहीत, म्हणून तिने तिथे गहू पिकणार नाही असा शाप दिला, अशी कथा आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आता ही सीताही काही निर्दोष नाही. रागावून सबंध गावाच्या तोंडचा घास काढणारी आहे. पण त्या रागाचे कारण प्रत्येक बाईला समजते.

आम्हांला वाटते, या बायकांच्या वागण्यात विसंगती नाही. ज्या देवाला बोल लावता येतो तोच त्यांना जवळचा वाटतो. आणि हे केवळ आपल्याकडेच आहे असेही नव्हे. आपल्या पनवेलमध्ये बेने इस्रायल लोकांचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर १८४९ पासून उभे आहे. कोकणात या लोकांना शनवार तेली म्हणत. शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. त्यांचा देव म्हणजे अगदी निर्गुण, एकमेव, मूर्ती नसलेला. पण त्यांच्या धर्मग्रंथात ईयोब नावाच्या सज्जनाची कहाणी आहे. काही अपराध नसता त्याचे धन गेले, मुले गेली, अंगभर फोडे उठले. त्याने देवाला जाब विचारला. मित्र येऊन सांगू लागले, “देव अन्याय करीत नाही, तुझेच काही चुकले असेल.” शेवटी देव प्रकट होतो आणि त्या मित्रांवरच रागावतो: माझ्याविषयी तुम्ही खरे बोलला नाहीत, ईयोब बोलला. देवाची वकिली करणारे हरले आणि देवावर फिर्याद करणारा जिंकला! जनाबाईने ही कहाणी ऐकली असती तर तिला नवल वाटले नसते.

येथवर आमचे म्हणणे गोड आहे आणि श्रोत्यांनी मानही डोलावली असेल. पण एक आडकाठी आहे, ती टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चोखामेळ्यानेही देवाला जाब विचारला. त्याचा मुलगा कर्ममेळा याने तर अधिक रोखठोक शब्दांत विचारले, की असल्या जातीत जन्माला घातलेस यात तुझा मोठेपणा तो काय? वारकऱ्यांनी ते अभंग जपले, गायले, त्यांवर डोळे पुसले. आणि दार बंदच राहिले. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करीत असता कूस कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी विठ्ठलनामावरून ओळखल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. समाधीसुद्धा बाहेरच! भांडण देवाशी चालले होते, आणि किल्ल्या बडव्यांच्या कमरेला होत्या. देवाला शिव्या देण्याची मोकळीक सर्वांना होती. देवळाच्या मालकांना दोन शब्द सुनवण्याची नव्हती. इरावती कर्वे पायी वारीला गेल्या तेव्हा एकाच दिंडीतले लोक भजन एकत्र आणि जेवण मात्र जातीजातीने करतात, हे पाहून कष्टी झाल्या होत्या. देवाशी मनमोकळे भांडता येते म्हणून माणसांशी करायचे भांडण राहून गेले, असे तर झाले नसेल?

ते भांडण १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी केले. कोकणातला हा मृदू मनाचा माणूस सबंध महाराष्ट्र फिरला आणि पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसला. तेव्हा कुठे मंदिर हरिजनांना खुले झाले. त्या वेळची एक हकीकत सांगतात. दार उघडणार असे दिसताच काही कर्मठ मंडळींनी विठ्ठलाचे तेज मंत्राने एका घागरीतल्या पाण्यात काढून घेतले. म्हणजे मागे राहील तो नुसता दगड, आणि मग कोणीही शिवो! आता श्रोतेहो, देवाला दोष कोणी दिला ते तुम्हीच ठरवा. जनाबाईने त्याला शिव्या दिल्या, तुकोबांनी त्याला दिवाळखोर ठरवले. पण देव माणसाच्या स्पर्शाने बाटतो आणि घागरीत मावतो, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही. ते म्हणाले ते देवाचे पावित्र्य राखायला निघालेले लोक. विठोबाला एवढा दुबळा तर त्याच्या कोणत्याही निंदकाने केला नव्हता.

२०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्कही संपले. चोखोबांची समाधी मात्र आहे तिथेच आहे. वारकरी आधी तिच्यापुढे माथा टेकतो, नामदेवाच्या पायरीला हात लावतो आणि मग आत जातो. बाहेर राहिलेल्याचे दर्शन आधी घेतल्यावाचून आतल्याचे घ्यायचे नाही, हा क्रम कोणी घालून दिला कोण जाणे. पालीच्या धुंडीविनायकाची आठवण होते खरी. आत गेल्यावर पायांवर डोके ठेवायला घटकाभर मिळते. तेवढ्यात कोणाला त्या बाहेरच्या समाधीबद्दल देवाला काही विचारायचे असेल, तर वैशाख निम्मा सरत आला आहे. आषाढी फार दूर नाही.